पोफळीचा पंचनामा

पोफळीच्या एका झाडाची किंमत महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ठरवली ती ५० रुपये. माडाची २५० रुपये. निसर्ग चक्रीवादळाने आडव्या केलेल्या कोकणातल्या वाड्यांसाठी हा दर होता. रक्कम तुटपुंजी आहे हे सांगायला लेख लिहायची गरज नाही. मला तपासायचा आहे तो या दरामागचा विचार. त्या विचारात झाड ही एक वस्तू आहे. ती मोडली, तिचे मोल दिले, प्रकरण मिटले. वाडीवाल्याच्या हिशेबात मात्र झाड म्हणजे आधी खर्ची घातलेली वर्षे आणि पुढे हाती यायची वर्षे. वादळाने ही दोन्ही नेली. सरकारी पंचनाम्यात वर्षांचा रकानाच नाही, आणि किनारा इतका रेंगाळत का सावरतो याचे बरेचसे उत्तर त्या रिकाम्या रकान्यात आहे.

३ जून २०२० रोजी भर दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतके तीव्र वादळ १८९१ पासून धडकले नव्हते. कोळ्यांनी होड्या खाडीत आणल्या होत्या, कच्च्या घरांतली माणसे शाळांमध्ये हलवली होती, आणि राज्यातली मृतांची संख्या एक आकडी राहिली. हे यश खरे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे दगावली होती. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा उभी केली. २०१९ मध्ये फणी आले तेव्हा बारा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. हवामान खात्याचा अंदाज अचूक होत गेला, प्रशासनाला सराव झाला, माणसे वाचू लागली. याबद्दल कुरकुर करणारा कृतघ्नच म्हणायचा.

पण या यशाची एक बाजू कुणी बोलून दाखवत नाही. आपत्ती मोजण्याची आपली मोजपट्टी मृतांच्या आकड्याची आहे. तो लहान निघाला की मथळे आखडतात, दौरे आटोपतात, फाईल बंद होते. जी माणसे वाचली ती पुढे कशावर जगली, हा प्रश्न त्या मोजपट्टीवर उमटतच नाही. निसर्गच्या वेळी तर देश टाळेबंदीत होता. मुंबईत करोनाने थैमान घातले होते. आदल्याच पंधरवड्यात अम्फानने बंगाल उद्ध्वस्त केला होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत काय झाले ते बाहेर कळायलाच काही दिवस गेले, कारण विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे एकदमच पडले होते. रस्ते गावकऱ्यांनीच कोयते-करवती घेऊन मोकळे केले. काही वाड्यांवर वीज यायला महिना उलटून गेला. कौले उडालेली, पत्रे शेजारच्या गावात जाऊन पडलेले, कणगीतले भात भिजलेले, आणि मोसमी पाऊस आठवड्यावर आलेला. एरवी अशा वेळी धावून येणारे मुंबईतले चाकरमानी टाळेबंदीत अडकलेले, काहींच्या नोकऱ्याही गेलेल्या. मनिऑर्डरीवर उभ्या असलेल्या मुलखात मनिऑर्डरही थांबली होती.

छपरे मात्र सावरली. वर्षभरात बहुतेक घरांवर पत्रा आला, बऱ्याच ठिकाणी कौलांची जागा पत्र्याने कायमची घेतली. टाळेबंदी उठल्यावर पर्यटक आले, किनाऱ्यावर घोडागाड्या धावू लागल्या, मोदकांची ताटे वाढली जाऊ लागली. पाहुण्याला गाव पूर्ववत दिसते. त्याने घराच्या मागल्या दारी जाऊन पाहावे.

कोकणातली वाडी ज्याने पाहिली नाही त्याला तिचे अर्थशास्त्र सांगावे लागेल. वाडी म्हणजे मळा नव्हे. इथे शेती उभी असते, एकावर एक मजल्यांची. सगळ्यात वर माड. त्याच्या सावलीत पोफळ. पोफळीच्या खोडावर मिरीचा किंवा विड्याच्या पानाचा वेल. खाली जायफळ, केळ, कुठे अननस, कुठे हळद. दहा-पंधरा गुंठ्यांत एवढा संसार मावतो आणि वर्षभर थोडाथोडा पैसा देत राहतो. भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने अशा मसाल्याच्या मिश्र बागेला ‘लाखी बाग’ असे नावच दिले आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली, आणि कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही त्याच गावात. या बागेत काही वाया जात नाही. झावळ्यांचे झाप होतात, हिरांचे खराटे होतात, सोडण जळणाला जाते. सुपारी सोलणे, निवडणे ही कामे बायका घरच्या पडवीत बसून करतात, आणि तो पैसा त्यांच्या हातात राहतो.

या मजल्यांचे एकमेकांशी नाते आहे, आणि वादळाने नेमके तेच तोडले. पोफळीला कोवळेपणी सावली लागते. मोठी झाल्यावरही नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन थेट खोडावर पडले की साल करपते, खोडाला भेगा जातात, आणि असे खोड पुढच्या साध्या वाऱ्यातही मोडते. म्हणजे ३ जूनला माड पडला आणि त्याखालची पोफळ वाचली, तर पंचनाम्यात ती पोफळ ‘शाबूत’. पण सावली गेल्यामुळे पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ती वठली, तर तिची नोंद कुठेच नाही. तलाठी एकदाच येतो. वादळ वाडीत पुढची तीन वर्षे मुक्काम करून असते.

शिवाय माड आणि पोफळ यांना वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून पालवी फुटते. उन्मळलेले तरुण कलम छाटून, उभे करून, माती लावून जगवता येते. माडाचा शेंडा पिळवटून गेला की उभा सोट हा फक्त सोट. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला उभे झाड दिसते, मालकाला त्यात काही उरलेले नसते. हा वाद त्या पावसाळ्यात अनेक वाड्यांमध्ये झाला असणार. झाड उभे आहे, मग नुकसान कसे?

पडलेली झाडे नुसती पडून राहत नाहीत. माडाचे खोड कुजू लागले की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि तिथून वाढलेले भुंगे शेजारच्या धडधाकट माडांचे कोंब पोखरतात. जखमी खोडांवर सोंड्या भुंगा येतो. म्हणून पडलेली खोडे ताबडतोब तोडून बाहेर काढणे ही नुसती साफसफाई नव्हे, वाचलेल्या बागेचा तो औषधोपचार आहे. पण दाट वाडीत यंत्र जात नाही, यांत्रिक करवती गावात मोजक्या, मजूर मिळेना, आणि मजुरी द्यायला घरात पैसा नाही. जून-जुलै गेला. लागवडीचा हंगाम पडलेल्या खोडांखाली गेला.

पुढची अडचण रोपांची. पोफळीचे रोप लावायला वर्ष-दीड वर्षाचे व्हावे लागते. त्यासाठी निवडक मातृवृक्षांवरची पिकलेली फळे रुजवावी लागतात. ज्या गावांत शेकडो वर्षांची निवड झालेल्या पोफळी होत्या त्याच गावांत त्या पडल्या, म्हणजे बियाण्याचे कोठारच गेले. रोपवाटिकांची ऐपत दरसालची तूट भरून काढण्याची. हजारो वाड्या एकाच दिवशी रोपे मागतील, असा विचार कुणी केलेला नव्हता. २०२१ च्या पावसाळ्यात ज्याला रोप मिळाले त्याची पोफळ फळ धरणार २०२७-२८ च्या सुमारास, आणि भर उत्पन्नावर येणार त्यानंतर आणखी चार-पाच वर्षांनी. बाणवली माडाचेही तेच. आता साठीतल्या माणसाने ही बाग का लावायची? तो लावतो, हा भाग वेगळा. पण त्याने लावलीच पाहिजे असे गृहीत धरून राज्याने धोरण आखू नये.

आता पैशाचा हिशेब. केंद्राच्या त्या वेळच्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये मिळत. राज्य सरकारने निसर्गग्रस्तांसाठी ते वाढवून ५०,००० केले, मर्यादा दोन हेक्टरांची. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीला ५,००० रुपये. हे फारच कमी पडते अशी ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरले. त्याच दहा गुंठ्यांत शंभर पोफळी धरल्या तर पन्नासच्या दराने पुन्हा ५,००० रुपयेच. आता दुसरी बाजू पाहा. श्रीवर्धनी पोफळीपासून वर्षाला साधारण दीड किलो सोललेली सुपारी मिळते. शंभर झाडांची दीडशे किलो. किलोला नुसते अडीचशे रुपये धरले तरी वर्षाचे ३७,५०० रुपये होतात. खर्चापोटी निम्मे वजा करा. सात वर्षांचे झाले सव्वा लाखाच्या वर. त्यात मिरी नाही, नारळ नाही, केळ नाही, खोडे उचलण्याची मजुरी नाही, नव्या रोपाची किंमत नाही. सव्वा लाखाच्या खड्ड्यावर पाच हजारांची फळी टाकून सरकार म्हणते, चला पलीकडे.

कुणी म्हणेल की सरकारची तिजोरी अथांग नाही. मान्य. पण दर ठरवताना तिजोरीइतकीच कल्पनाशक्तीही तोकडी पडली, हे दक्षिणेतल्या एका राज्याकडे पाहून कळते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने तमिळनाडूच्या कावेरी खोऱ्यातल्या नारळबागा झोपवल्या. तिथल्या सरकारने माडामागे १,१०० रुपये जाहीर केले, त्यांतले ६०० झाडाचे आणि ५०० ते तोडून बाहेर काढण्याचे. तिथले बागायतदारही या रकमेवर खूश नव्हते, आणि त्यांचे बरोबरच होते. तरी झाड उचलायलाही पैसा लागतो एवढे तिथे कुणाला तरी सुचले. आपल्याकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. केंद्राच्याच नारळ विकास मंडळाची माडांसाठी विमा योजना आहे. सोळा ते साठ वर्षे वयाच्या माडाला ती १,७५० रुपयांचे संरक्षण देते. वर्षाचा हप्ता १४ रुपये, त्यातला पाऊण वाटा केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. म्हणजे झाडाची किंमत वर्षांत मोजता येते, वयाप्रमाणे ती बदलते, हे एका सरकारी कागदाला ठाऊक आहे. दुसऱ्या सरकारी कागदावर त्याच माडाचे २५० रुपये होतात. किती वाडीवाल्यांपर्यंत ही विमा योजना पोचली, हा प्रश्न मंडळाला आणि कृषी खात्याला विचारण्यासारखा आहे. पोफळीला तर असा झाडाचा विमाही नाही. कोकणात आंबा-काजूला जो फळपीक विमा मिळतो तो हवामानावर आधारलेला. हंगामातल्या पिकाला तो संरक्षण देतो, झाडच गेले तर पुढच्या दहा हंगामांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

मोजणीचा हा घोटाळा इथेच संपत नाही. मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. कोकणातला सातबारा म्हणजे एक वंशावळच. आजोबांचे नाव, त्याखाली अकरा वारस, त्यांतले चार मुंबईत, एक नालासोपाऱ्यात, दोन वारलेले आणि त्यांची वारसनोंद झालेली नाही. वाडी शिंपणारा एकच, पण पैसे काढायला संमती सगळ्यांची. टाळेबंदीत ही संमतीपत्रे गोळा करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच विचारावे. यात सरकारची चूक कमी आणि आमच्या भाऊबंदकीची जास्त, हेही सांगितले पाहिजे. वाटण्या टाळण्यात आपण कोकणी लोक पटाईत आहोत. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही त्याचे काय? माडावर चढून नारळ काढणारा पाडेली, खंडाने वाडी करणारा, मजुरीवर सुपारी सोलणाऱ्या बाया, हीर काढून खराटे बांधणारी म्हातारी. वाडी पडली त्या दिवशी यांची मजुरीही पडली. पंचनाम्याला हे लोक दिसले नाहीत, कारण पंचनामा जमिनीचा असतो.

आणि मग येते ते आवडते वाक्य: कोकणी माणूस चिवट आहे, तो हात पसरत नाही. वर्तमानपत्रांनी हे लिहिले, नेत्यांनी भाषणांत म्हटले, आणि खरे सांगायचे तर कोकणातल्या लोकांनीही ते मान डोलवत ऐकले. मला या कौतुकाचा राग येतो. चिवटपणा हा गुण आहेच. पण ज्याने द्यायचे तोच समोरच्याच्या न मागण्याचे कौतुक करू लागला, की समजावे, त्याचे पैसे वाचताहेत. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, रस्ते अडवले, तेव्हा त्यांच्या प्रश्नांना निदान नाव मिळाले. कोकणातल्या बागायतदाराचे दुःख संथ, सोसलेले, गणपतीत चाकरमान्यांपुढे दोन वाक्यांत सांगून टाकलेले. अशा दुःखाची घोषणा होत नाही.

न बोलल्या गेलेल्या या काळात जमीन मात्र बोलू लागते. उघड्या पडलेल्या वाडीची किंमत वाडी म्हणून उरत नाही, प्लॉट म्हणून वाढते. समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, झाडे आडवी झाल्यामुळे सपाट, मालक कंटाळलेला, मुले पुण्यात. दलालाला आणखी काय हवे? मी विकणाऱ्याला नावे ठेवणार नाही. सात वर्षे बिनउत्पन्नाची जमीन सांभाळून, त्यात रोपे लावून, त्यांना रोज पाणी देऊन, वर दरवर्षी मे-जूनमध्ये आभाळाकडे पाहत बसण्यापेक्षा मुलाला दुकान घालून दिलेले बरे, असे वाटणे माणुसकीला धरूनच आहे. पण गंमत बघा. तिथे जे रिसॉर्ट उभे राहते त्याची जाहिरात असते ‘नारळी-पोफळीच्या बागेत निवांत मुक्काम’. श्रीवर्धन-दिवेआगरच्या घरगुती पर्यटनाचे भांडवलही वाडीच होती, तिची सावली, तिचा गारवा. ती विकून तिचेच चित्र भिंतीवर लावायचे, असा हा व्यवहार. पर्यटनाने कोकण सावरेल असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मग करायचे काय? माझ्या मते मदतीचे एकक बदलायचे. हेक्टर नको. झाड आणि त्याला फळावर यायला लागणारी वर्षे हे एकक हवे. पोफळ गेली तर मालकाला नवे रोप लावल्याच्या अटीवर पुढची सहा-सात वर्षे दरसाल झाडामागे ठरावीक रक्कम मिळावी, रोप जगले आहे हे पाहून. एकरकमी ५,००० रुपये छपरावरच्या पत्र्यात जातात, आणि जायलाच हवेत, कारण डोक्यावर छप्पर आधी. दरसाल येणारी रक्कम वाडीत जाते. ही भीक नव्हे, वाट पाहण्याची मजुरी आहे. त्याच सूत्रात सावलीअभावी नंतर वठलेल्या झाडांसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा पाहणीही बसवता येते. खोडे उचलण्याची मजुरी पहिल्या महिन्यातच रोजगार हमीतून दिली, तर पाडेल्याच्या आणि सोलणाऱ्या बायांच्या हाताला काम मिळते आणि भुंग्याचाही बंदोबस्त होतो.

पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाला आता पूर्वीसारखे हात वर करता येत नाहीत. निसर्गसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राला २६८.५९ कोटी रुपये मंजूर केले, ते तातडीच्या मदतीच्या खात्यातले. पण एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निधीची रचनाच बदलली आणि निधीतला ३० टक्के वाटा ‘पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणी’साठी वेगळा सुचवला. म्हणजे तात्काळ मदत वेगळी आणि हळूहळू सावरणे वेगळे, हे तत्त्व देशाने कागदावर स्वीकारले आहे. पुनर्बांधणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूल, बंधारा, शाळेची इमारत येते. बाग येत नाही, कारण बागेचे टेंडर निघत नाही. निकष २०२२ मध्ये सुधारले तेव्हाही बहुवार्षिक पिकांचा दर १८,००० वरून २२,५०० झाला, एकक मात्र हेक्टरच राहिले. किनाऱ्यावर जे प्रकल्प होताहेत त्यांचा भर निवारा केंद्रे, धूपप्रतिबंधक बंधारे, भूमिगत वीजवाहिन्या यांवर आहे. ते सगळे हवेच. जमिनीखालून गेलेली वीज पुढच्या वादळात महिनाभर जाणार नाही. पण त्या विजेवर चालणारा पंप कुणाच्या वाडीला पाणी देणार?

बाग पुन्हा होती तशीच लावायची का, हाही प्रश्न आहे, आणि इथे मी भावुक परंपरावाद्यांच्या बाजूने नाही. समुद्राच्या अंगाला वारा अडवणाऱ्या झाडांची दाट रांग नसेल तर पुढचा घाला पुन्हा थेट बागेवर येईल. सुरूच्या एकसुरी रांगा पुष्कळ ठिकाणी पडल्या. उंडी, केवडा यांसारखी किनाऱ्याची आपली झाडे त्यांत मिसळायला हवीत. काही माड लवकर फळणाऱ्या संकरित जातींचे लावले तर चार-पाच वर्षांत हात ओले होतात. आधी केळ लावून तिच्या सावलीत पोफळ वाढवण्याची जुनी रीत तर आजच्या गरजेला तंतोतंत बसते, वर्षाच्या आत घड मिळतो आणि रोपाला आडोसा. मातृवृक्षांची यादी करून त्यांची रोपे एकाच तालुक्यात न ठेवता तीन-चार ठिकाणी वाढवणे, हे काम विद्यापीठाला आणि सुपारी खरेदी करणाऱ्या सहकारी संघांना मिळून करता येईल. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत हे गृहिणीला कळते, तालुक्यालाही कळायला हरकत नाही.

कारण वादळे थांबणार नाहीत. निसर्गला वर्ष होण्याआधीच, मे २०२१ मध्ये तौक्ते याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, आणि दक्षिण कोकणातल्या आंबा बागायतदारांना तोडणीच्या ऐन हंगामात त्याने गाठले. जुलैत चिपळूण बुडाले, महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गेले. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. २००९ चे फयान आठवून ‘आमच्या बाजूला वादळे क्वचितच’ म्हणणारी पिढी आता मागे पडते आहे. सात वर्षांनी फळणारे झाड आणि त्याहून कमी अंतराने येणारे वादळ, हे गणित प्रत्येक वाडीवाल्याने एकट्याने सोडवायचे असेल तर त्याचे उत्तर एकच निघेल, आणि ते उत्तर दलालाच्या खिशात तयार आहे.

सरकार एकक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. मोजायचे तर आधी कागदावर असावे लागते. ई-पीक पाहणीच्या अॅपवर शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाची, फळझाडांची नोंद करता येते. ती बहुतेक वाड्यांची होत नाही, कारण मालक मुंबईत आणि वाडी पाहणाऱ्याला अॅप उघडता येत नाही. यंदा मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाल तेव्हा तीन कामे करून या. वारसनोंद पुरी करा. भावांनी बसून वाडीची वाटणी करा, तोंडी नव्हे, लेखी. आणि माड किती, पोफळी किती, कोणत्या वयाच्या, हे मोजून, फोटो काढून नोंदवा. ग्रामसभेत गावाच्या सगळ्या वाड्यांची अशी यादी करण्याचा ठराव मांडा. पुढच्या वेळी तलाठी वाडीत येईल, तेव्हा त्याच्या हातात ती यादी द्या आणि वर्षांचा रकाना कुठे आहे, ते त्याला विचारा.